बाभळीच्या लेखावर सुबाभळीचा फोटो

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत बाभळीला अर्धं पान दिलंत, आभार. मात्र वरचा भलाथोरला फोटो सुबाभळीचा होता. पांढरे गोंडे, चपट्या तपकिरी शेंगांचे झुबके आणि काटा औषधालाही नाही! बाभळीचं फूल पिवळंधमक, तेही पावसाळ्यात येणारं. पानाच्या बुडाशी पांढऱ्या काट्यांची जोडी, साल काळपट आणि उभी भेगाळलेली. शेंग राखाडी, दोन बियांमध्ये आवळलेली, ओवलेल्या मण्यांसारखी. सुबाभूळ मुळात मेक्सिकोकडची. नदीकाठची झाडं तोडण्यावरून पुण्यात एवढी हमरीतुमरी चालू असताना आपणच दोघींची सरमिसळ करावी, म्हणजे कमालच झाली.

बरं, फोटोखाली ओळ काय, तर 'पाला जनावरांना उत्तम चारा'. फोटोतल्या झाडाच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. वैरणीत हा पाला एक तृतीयांशाच्या वर गेला, की केस गळायला लागतात, जनावर खंगतं. घोड्या-गाढवांना तर तो घालूच नये.

लागवडीबद्दल 'बी पेरून पाणी द्यावे' एवढंच. बाभळीच्या बीचं कवच टणक असतं. तसंच पेरलं तर बरंचसं बी महिनोन्‌महिने जमिनीत नुसतं पडून राहतं. पाणी उकळून भांडं खाली उतरवावं, त्यात बी टाकून २४ तास राहू द्यावं. फुगलेलं पेरावं, न फुगलेल्याला पुन्हा तोच उपचार. शेळ्या शेंगा खाऊन रवंथ करताना बी टाकतात. शेळ्यांच्या वाड्यात गोळा केलेलं ते बी चांगलं रुजतं. होईल तो जागेवरच टोकावं. पिशवीत रोप फार दिवस ठेवलं, तर सोटमूळ तळाशी वेटोळं घालतं आणि झाड पुढे जोम धरत नाही.

लाकडाची बोळवण 'मजबूत' या एका शब्दात! गाडीच्या चाकाचे तुंबे आणि आरे, नांगर, कुळव ही सगळी बाभळीचीच कामं. पण तोडलेलं लाकूड तसंच वापरलं, तर बाहेरचा फिकट भाग कीड पोखरते. म्हणून ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत वाळवायचे. बांधावर रामकाठी, म्हणजे बाभळीचाच एक प्रकार, का धरतात, हेही लेखात नाही. तिच्या फांद्या सरळ वर जातात, त्यामुळे पिकावर सावली कमी पडते.

शेजारच्या चौकटीत डिंकाचे लाडू. कृती ठीक, पण डिंक बारीक करून मध्यम आचेवर, थोडा थोडा तळायचा असतो. मोठे खडे बाहेरून फुलतात, आत कच्चे राहतात आणि दाताला चिकटतात. खाणारा मग डिंकाला नावं ठेवतो.

आणि हो, दसरा येईलच. आपट्याच्या नावाखाली दरवर्षी कांचनाचा फोटो छापता, तो यंदा तरी नको. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. मंडईत विकणारे फसवतात म्हणून आपणही तेच छापायचं का?

– एक वाचक, कोथरूड, पुणे