न आलेल्यांची वही

ति. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून बाबा म्हणणार, "रोज फोन करतीस, आता हे आणि कशाला?" फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून. परवा मी शिबिराचं सांगत होते तर मध्येच म्हणालात, "दवाखान्यात मंडप घालून बसलाय, लगीन हाय का जत्रा?" आणि फोन आईकडं दिलात. तेव्हा मी हसले, पण तो प्रश्न रात्रभर डोक्यातनं गेला नाही. वॉर्डात होते तोवर माझं काम तुम्हांला कळायचं. सुई, सलाईन, रात्रपाळी. दोन वर्षांपूर्वी मला वॉर्डातून उचलून ‘बाहेरच्या कामा’ला लावलं, तेव्हापासून गल्लीत कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता, देव जाणे. म्हणून बैजवार लिहिते. शेवटी तुम्हां दोघांकडं एक कामही आहे.

वर ‘सौ. आई’ लिहिताना या वेळी पेन जरा थांबला. का, ते कळेलच.

आमचा दवाखाना ५० खाटांचा, ट्रस्टचा. बालाघाटच्या डोंगरावर, बार्शीहून तास-सव्वा तास. पाऊस बेताचा, म्हणून शेतापेक्षा म्हशींवर भरवसा, आणि गावोगाव खव्याच्या भट्ट्या. दसरा झाला की कोयता घेऊन निम्मी वस्ती डोंगर उतरते आणि कुठं जाते? आपल्याकडंच. शिरोळ, हातकणंगले, सांगली. लहानपणी कुरुंदवाडच्या रस्त्याला पाचटाच्या कोप्या बघायचो ना आपण, ती माणसं इथली. इथं येईपर्यंत त्यांना घरं असतात हेच मला सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीत माझा पहिला मोठा कार्यक्रम होता. बायकांच्या तपासणीचं शिबिर: तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड. नुसत्या ‘तपासणी’ला कोण येणार, म्हणून मीच शक्कल काढली की संक्रांतीचं हळदीकुंकू दवाखान्यातच ठेवू. ट्रस्टींना कल्पना भारी आवडली. मंडप, बॅनर, वाणाला स्टीलची वाटी, उद्घाटनाला पाहुण्या. बायका आल्या ६८. आत पडद्यामागं तपासणीला गेल्या ९. बाकीच्यांनी वाटी घेतली, फोटो काढले आणि गेल्या. पेपरात दुसऱ्या दिवशी आलं: उत्स्फूर्त प्रतिसाद.

पण मला लागलं ते निराळंच. आमच्या वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशी सकाळपासून राबत होत्या. सतरंज्या, पाणी, चहा, सगळं त्यांच्याकडं. कुंकू लावायची वेळ आली तर मावशी दिसेनात. बघते तर एक्स-रेच्या खोलीमागं बसलेल्या. म्हटलं, "मावशी, चला की." म्हणाल्या, "मला कुठं चालतं बाई, मी कुंकवाची न्हाई." वय ५२. तंबाखूची मिश्री दिवसातून चारदा. म्हणजे तपासायला हवं अशी बाई समोर असताना मी तिला चहाचे कप उचलायला ठेवलं होतं आणि शिबिराच्या नावातच तिला बाहेर काढलं होतं. वर ही एकटी नव्हे. गावातल्या यादीवर नजर टाकली तर पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढं जावं तसतशा विधवा वाढत जातात. आणि त्यांची तपासणी कधी होणार? पोराबाळांची वर्षं सरली की बाई दवाखान्याकडं फिरकत नाही.

तेव्हा मला आपली आत्या आठवली. आईच्या हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू सगळे आत्याच वळायची, आणि बायका यायच्या वेळेला माजघरात जाऊन गाठोडी सोडत बसायची. मला वाटायचं तिला गर्दी आवडत नाही. आई, तुला दोष देत नाही. तुझ्या सासूनं घातलेली रीत ती. पण आपल्या शेजारच्या हेरवाडनं २०२२ मध्ये ग्रामपंचायतीचा ठराव करून विधवांच्या या सगळ्या प्रथा बंद केल्या, आणि पुढं सरकारनं बाकी गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. हे मी इथं मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं, "आमच्या गावाशेजारचं गाव आहे." सांगितलं आणि जीभ चावली. आमच्या घरात काय आहे ते कुणी विचारलं असतं तर?

या वर्षी कार्यक्रमाचं नाव फक्त ‘तिळगूळ’. कुंकवाची वाटी टेबलावर, ज्यांना हवं त्यांनी हातानं घ्यावं. दोन-तीन मोठ्या घरच्या बायका रुसल्या, आल्या नाहीत. एकूण बायका ४१. तपासणीला गेल्या ३३. बातमी कुठंच आली नाही. मावशी पहिल्या नंबरला आत गेल्या आणि बाहेर येऊन सगळ्यांना मोठ्यानं सांगू लागल्या, "काय न्हाई गं, मिरची खाल्ल्यागत पण हुत न्हाई." माझ्या बॅनरपेक्षा त्या एका वाक्यानं जास्त काम केलं.

ही तपासणी म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर तुम्हांला वाटायचं मोठं काही यंत्र असतं. पातळ केलेला व्हिनेगर, जो चायनीजच्या गाड्यावर असतो त्याच जातीचा, कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. बिघडू लागलेला भाग पांढरा दिसतो. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढची तपासणी करायची, आणि लागलंच तर तेवढाच भाग शेकून किंवा गोठवून नाहीसा करता येतो. बिघाडापासून कॅन्सरपर्यंत जायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे वेळ असतो. फक्त कुणीतरी बघायला हवं. पाळी थांबून बरीच वर्षं झाली की तो भाग आत सरकतो आणि व्हिनेगरनं नीट दिसत नाही, म्हणून मोठ्या वयाच्या बायकांच्या पिशवीच्या तोंडाचं पाणी घेऊन लॅबला पाठवतो.

ट्रेनिंगला गेल्यावर एक गोष्ट कळली, ती कुणाला सांगू असं झालंय. १९९९ पासून याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं मुंबईच्या टाटा हॉस्पिटलबरोबर गावोगाव फिरून मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काहींची व्हिनेगरनं तपासणी, काहींचा पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी काढून काचेवर बघणं, आणि काहींची एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूनं हा कॅन्सर होतो त्याची चाचणी. २००९ मध्ये निकाल छापून आला: एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदा झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आज जगभर ती चाचणी करा म्हणतात, त्यामागं या माळरानावरच्या बायका आहेत. एका गटाला फक्त माहिती देऊन सोडलं होतं, त्यावरून पुढं वादही झाला, आणि तो मला पटतो. पण गंमत बघा, एका म्हातारीला मी हे सांगितलं तर म्हणाली, "हां, जीप आल्ती एकदा. आमी पण गेल्तो. लाज वाटली हुती." संपलं. जगाला शिकवलं, आणि तिच्या लेखी ती एक जीप.

आमची व्हिनेगरचीच तपासणी चालते, कारण एचपीव्हीची चाचणी महाग पडते. असो.

आता ऊसतोडीच्या बायका. त्या माझ्या मंडपात कधीच नव्हत्या, कारण जानेवारीत त्या तुमच्या शिवारात असतात! हे माझ्या ध्यानात यायला आख्खं वर्ष जावं लागलं. संक्रांत आमच्या सोयीची, त्यांच्या नव्हे. मग या वर्षी त्यांच्यासाठी निराळं शिबिर सप्टेंबरात ठेवलं, टोळ्या निघायच्या आधी. मंडप नाही, शाळेच्या खोलीत. तरी पहिल्या दिवशी चार जणी. आशाताईंबरोबर घरोघरी गेले तेव्हा खरं कारण कळलं. एक जण तोंडावर म्हणाली, "तुम्ही बघताव आन् मग म्हणताव पिशवी काढा." तिच्या जावेची काढलेली, बहिणीची काढलेली. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय गाजला होता, सरकारला समिती नेमावी लागली, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. खाडा केला तर दंड, पाळीत फडात बसायला जागा नाही, अंगावरनं पांढरं जातंय म्हणून दवाखाना गाठला की कुणीतरी कॅन्सरची भीती घालणार आणि वयाच्या तिशी-पस्तिशीत ऑपरेशन. वर त्या पैशाची उचल मुकादमाकडून. अशा बाईला मी ‘मोफत कॅन्सर तपासणी’ असं लिहिलेला कागद देत होते. तिनं पळू नये तर काय करावं?

मग कागद बदलला. ‘कॅन्सर’ शब्द खाली नेला आणि वर मोठ्यानं लिहिलं: इथं कुणाचीही पिशवी काढली जात नाही. तोंडानंही तेच सांगत फिरलो. हळूहळू आल्या. खव्याच्या भट्टीवरच्या बायका दुपारी दोननंतर, कारण सकाळी दूध आलं की ते आटेपर्यंत उलथन्यावरचा हात काढता येत नाही. ही साधी गोष्ट कुणी आधी विचारली नव्हती, मीही नाही. आमची वेळ आपली दहा ते एक.

बाकी रक्तदान शिबिरं, सर्पदंशाची माहिती, हे चालूच असतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्ताच्या पिशव्या ठेवायला जागा नसते आणि मे महिन्यात कॉलेजं बंद झाली की एका पिशवीसाठी नातेवाईक वणवण फिरतात. लाल पेशी महिना-दीड महिन्यापलीकडं टिकत नाहीत, हे वाढदिवसवाल्यांना कोण सांगणार! सापाचं मात्र मला आवडतं. आठवडी बाजारात चित्रं घेऊन उभी राहते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. गर्दी जमते, आणि "दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, गाडी बघा" एवढं चार वेळा म्हणून घ्यायचं. २०१९ च्या पुरात आपल्या माळ्यावर निघालेल्या सापाची गोष्ट पण सांगते. बाबांनी काठी शोधली ती बॅटरीच्या उजेडात छत्री निघाली, हे ऐकून बाजार हसतो.

तर बाबा, मंडप हा कामाचा सोपा भाग. तो दोन तासांत उतरतो. माझं काम एका दोनशे पानी वहीत आहे. शिबिराला कोण आलं ते दवाखान्याच्या रजिस्टरला असतं. माझ्या वहीत, कोण आलं नाही आणि बोलावल्यावर पुन्हा कोण आलं नाही, ते. तुम्ही कंडक्टर असताना गाडी सोडायच्या आधी माणसं मोजायचात आणि लघवीला उतरलेला एखादा राहिला असेल तर डबल बेल मारायचा नाहीत. तसंच धरा.

आता काम सांगते. त्या सप्टेंबरच्या शिबिरातली एक बाई पुन्हा बोलावल्यावर आली नाही. टोळी आठ दिवस आधीच निघाली. नवऱ्याचा फोन लागत नाही, मुकादम ‘सांगतो’ म्हणतो आणि सांगत नाही. टोळी शिरोळच्या कारखान्याला ऊस घालते आणि सध्या नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या पट्ट्यात आहे, एवढंच कळलंय. तिला काय झालंय ते मी तुम्हांलाही सांगणार नाही, आणि तुम्ही तिला विचारायचं नाही. घाबरायचं कारण नाही एवढं मात्र तिला सांगा. गावाचं आणि मुकादमाचं नाव फोनवर देते.

टोळी कुठल्या फडात आहे ते दुधाच्या डेअरीवर विचारा. जनावरांना वाढं आणायला सगळे तिथंच जातात. संध्याकाळी जा, सकाळी त्या अंधारातच निघतात. आणि बाबा, तुम्ही रस्त्यावर थांबा. कोपीपर्यंत आईनं एकटीनं जावं. परका पुरुष दिसला तर ती बोलणार नाही, आणि नवऱ्यासमोर तर नाहीच. आई, तू फक्त म्हणायचं, "गावाकडच्या शिबिरातल्या सिस्टरचा निरोप हाय," आणि तुझ्या फोनवरनं मला लावून द्यायचा. फोन तिच्या हातात देऊन तू जरा लांब जा. आत्याला सोबत ने. अशा वेळी आत्यासारखं कुणाला बोलता येत नाही.

तिनं नको म्हटलं तर जास्त आग्रह करू नका, परत या. मी वहीत तसं लिहीन आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगेन.

गुडघ्याला तेल लावता ना बाबा? आणि साखरेची गोळी जेवणाआधीची जेवणाआधीच घ्या.

तुमची,
सुनी

ता. क. : आई, आत्याचं तोंड उजेडात बघ. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, न भरणारी जखम आहे का, तिखट झोंबतं का, आणि तिची तीन बोटं उभी तोंडात जातात का. मिश्री सोड म्हणून लगेच भांडू नकोस, आधी बघ. आणि रथसप्तमीला अजून अवकाश आहे, तेव्हा येत्या संक्रांतीचे लाडू वळून झाले की तिला बाहेर बसव.