सोनोग्राफीचा खाडा पडू नये म्हणून

सप्रेम नमस्कार.

लिव्हरच्या ऑपरेशनला मदत करा, अशी आवाहनं आपल्याकडे वरचेवर येतात. आमच्या मंडळाचं हे आवाहन त्याच्या बरंच आधीचं आहे.

सिरोसिस (लिव्हर कडक होऊन आकसणं) झालेल्यांना आणि अंगात ‘बी’ काविळीचा विषाणू मुरलेल्या बऱ्याच जणांना डॉक्टर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात, कारण लिव्हरमधली कॅन्सरची लहान गाठ दुखत नाही. माणूस शेतात राबत असतो, जेवत असतो. मग तालुक्याला जायचं, एक दिवसाचा रोज बुडवायचा, वर तपासणीचे पैसे, आणि तेही काही होत नसताना? खाडा पडतो तो इथे.

पुढचं सगळं या खाड्यावर ठरतं. गाठ एकच आणि २ सेंमीच्या आत असली, तर अनेकदा पोट न उघडता सुईने जाळता येते. गाठी तीनपर्यंत आणि प्रत्येक ३ सेंमीच्या आत असली, तरी आजार लवकरच सापडला असं धरतात. गाठ रक्तवाहिनीत शिरली की मात्र वाट अवघड होते. एएफपी नावाची रक्ततपासणी फार वाढलेली असणं हेही चांगलं लक्षण नव्हे.

पण नुसती गाठ मोजून भागत नाही. उरलेलं लिव्हर कसं आहे, हे तितकंच मोलाचं. रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटात पाणी, बोलण्यात भ्रम या पाच गोष्टींवरून डॉक्टर त्याचा अंदाज घेतात. लिव्हर खंगलेलं असेल, तर लहान गाठही कापता येत नाही.

“दारुड्यांना कशाला पैसे?” असं एकाने तोंडावर विचारलं. आमच्या यादीत दारूला कधी न शिवलेल्या बायकाही आहेत. जे पीत होते, त्यांनी सोडली तर लिव्हर पुष्कळदा थोडंफार सावरतं.

काविळीच्या विषाणूवरची औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात, त्यासाठी पैसे नकोत. हवेत ते सोनोग्राफी, रक्ततपासणी, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज यांसाठी. एका रुग्णाच्या वर्षातल्या दोन फेऱ्या आपण उचलल्यात तरी पुष्कळ झालं. गाडी असेल तर महिन्यातला एक दिवस द्या.

देणगी मंडळाच्या कार्यालयात द्यावी, पावती जरूर घ्यावी. हिशेब दर तिमाहीला फलकावर लागेल. रुग्णांची नावं लागणार नाहीत. कृपया विचारूही नयेत.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते