वाईनच्या काउंटरवरच्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागल्या की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून पाव्हणे उतरतात आणि रात्रीची पंगत गच्चीवर जाते. मुलांच्या पेल्यात कैरीचं पन्हं नाहीतर कोकम असतं. मोठ्यांतल्या चार-सहा जणांना मात्र 'यंदा वाईन घेऊन बघूया की' असं वाटतं. अशा गिऱ्हाइकाला बाटली दाखवायच्या आधी तुम्ही दोन गोष्टी विचारता: जेवायला काय केलंय, आणि बाटली घरात कुठं ठेवणार? किंमत त्यानंतर. या दोन प्रश्नांसाठीच हे आभाराचं पत्र.

आपल्याकडे वाईन म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढं 'पोर्ट' येते. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये आंबवण अर्ध्यावर असताना द्राक्षापासून गाळलेली कडक दारू मिसळतात, म्हणून ती गोड राहते आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्या बाजूला त्या नावानं मिळते ती बहुतेक वेळा नुसती गोड लाल वाईन. ती आवडणं हा काही गुन्हा नाही, पण तीच पिऊन 'वाईन म्हणजे औषधी काढा' असं ठरवणारे खूप. तुम्ही त्यांना लेबल वाचायला शिकवलंत: द्राक्षाची जात, अल्कोहोलचा टक्का आणि सुगीचं साल. आपल्याकडे एप्रिलमध्ये वेलीची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी (फळासाठी), आणि वाईनच्या द्राक्षाची तोड साधारण जानेवारी ते मार्च. त्यामुळं साधी पांढरी किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, घेताना सालावरून वय काढता येतं, आणि ते दोन वर्षांच्या आतलं असलं की बरं. अशा वाईन मुरवायच्या नसतात, ताज्या असतानाच प्यायच्या असतात.

सगळ्यात मोठा उपकार मिरचीबद्दलच्या सल्ल्याचा. संकेश्वरी मिरचीचा रस्सा आणि 14 टक्क्यांची जड लाल वाईन एकत्र आली की जीभ पेटते. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि लाल वाईनमधला तुरटपणा त्यावर कडू लागतो. मग दोष बाटलीला. ब्याडगीचं तसं नाही. तिच्यात रंग जास्त, जाळ कमी, त्यामुळं ब्याडगीच्या मटणाबरोबर अकलूजकडची सांजोव्हेसे ही लाल वाईन चालून जाते. संकेश्वरीला मात्र किंचित गोडसर, गार, 11-12 टक्क्यांची चेनिन ब्लां ही पांढरी वाईन. आंब्याच्या डाळीत कैरीचा आंबटपणा असतो, तिथं तितकीच आंबट पांढरी सोव्हिन्यों ब्लां हवी, नाहीतर वाईन पाणचट लागते. भरली वांगी आणि जोंधळ्याची भाकरी असेल तर रोझे. आणि कुंदा? वाईन पदार्थापेक्षा गोड नसली की आंबट लागते, आणि कुंद्यापेक्षा गोड वाईन शोधत बसण्यात अर्थ नाही. 'कुंदा कुंद्यापुरता असूदे वो' हे तुमचं उत्तर योग्यच आहे.

आता गारव्याचं. लाल वाईन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी हे वाक्य थंड मुलखातल्या खोल्यांचं, म्हणजे 16 ते 18 अंशांचं. चैत्रात अथणी-चिकोडीकडच्या खोल्या रात्रीसुद्धा तिशीच्या आसपास असतात. तिथं लाल बाटलीही तास-सव्वा तास फ्रिजमध्ये हवी. पांढरीला अडीच-तीन तास लागतात, आणि ती 8 ते 10 अंशांवर प्यावी. त्याहून फार गार केली तर वासच उठत नाही. पाव्हणे दारात आणि बाटली गरम, अशा वेळी बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, वर दोन मुठी मीठ, आणि बाटली मानेपर्यंत बुडवायची. 15-20 मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फाचा काचेला जागोजागीच स्पर्श होतो, पाणी सगळीकडून भिडतं, आणि मिठामुळं ते पाणी शून्याच्याही खाली उतरतं. फ्रीझरमध्ये टाकून विसरलात तर वाईन गोठून फुगते आणि बूच बाहेर येतं, नाहीतर बाटली तडकते. पेल्यात बर्फ टाकण्यापेक्षा बिनबियांची द्राक्षं गोठवून टाकायची ही तुमची युक्ती फार छान: वाईन गार राहते, पातळ होत नाही.

बुडबुड्यांची बाटली उघडताना तार सोडल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही, बाटली तिरपी धरायची आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. गरम बाटली तर अर्धी गच्चीलाच पाजते.

एका बाटलीत 750 मिली. सहा जणांना 125 मिलीप्रमाणं एक बाटली पुरते. दोन-तीन जाती चाखायच्या तर 30-30 मिली, आधी कोरडी (गोडी नसलेली) मग गोड, आणि मध्ये पाणी व भाकरीचा तुकडा. लोणचं नाही.

उरलेली बूच लावून फ्रिजमध्येच. पांढरी तीन दिवस टिकते, बुडबुड्यांची दुसऱ्या दिवशीच बसते. भिजलेल्या पोत्यासारखा वास आला तर बूच खराब. मुरांब्यासारखा आला आणि मान चिकट दिसली तर बाटलीनं कुठंतरी ऊन खाल्लंय. गोव्याहून चोरला घाटातून डिकीत तापत आलेल्या बाटलीची हीच गत. शिवाय परवान्याशिवाय ती हद्द ओलांडून आणणं हा गुन्हा, हे तुम्ही प्रत्येकाला तोंडावर सांगता. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, असा तुमचा सूर असतो.

येत्या शनिवारसाठी चेनिन ब्लांच्या दोन बाटल्या बाजूला काढून ठेवा. काचेच्या कपाटातल्या नकोत, तिथं दुपारचं ऊन येतं. मागच्या खोलीतल्या द्या.

आपले,
टिळकवाडीतलं एक घर

ता. क. लाइट गेली तेव्हा बाटलीला ओला पंचा गुंडाळून वाऱ्यावर ठेवायचा सल्ला उपयोगी पडतो, पण वळिवाआधीच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, त्या दिवशी बादलीच बरी.