बेगड लावलेलं विमान

परभणी
रविवार, सकाळ

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू रागात फोन ठेवलास. ‘बाबा, मी विमानाचं बोलायलेय आणि तुम्ही खोकल्याचं’ असं म्हणालीस. म्हणून आज खोकल्याचा विषय न काढता फक्त विमानाचं लिहायचं असं ठरवून बसलोय. तुझी आई चहा ठेवून गेली, जाताना ‘मास्कचं लिही’ म्हणाली. ते नंतर.

तू पाठवलेले फोटो मोठे करून करून बघितले. मिग-२१ या लढाऊ विमानाचं मॉडेल करतेयस, त्याच्या कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग अगदी जमलाय. एवढ्याशा डायलमध्ये काटे सुद्धा दिसतात. १:४८ म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १५ सेंटिमीटर, आणि त्यात ही कारागिरी! फोटो मी वसमत रोडच्या काकांना दाखवला, दादाला पाठवला, आपल्या दूधवाल्याला सुद्धा दाखवला. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला त्या दिवशी तू रजा टाकून टीव्हीसमोर बसली होतीस हे मला आईकडून कळलं. १९६३ पासून ६२ वर्षं ते विमान आपल्या हवाई दलात होतं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून. ते जाताना माझ्या लेकीला वाईट वाटलं आणि तिनं ते हातानं करायला घेतलं, याचा मला किती आनंद झाला ते फोनवर सांगायचं राहूनच गेलं.

पण त्याच फोटोच्या कोपऱ्यात खिडकी दिसली. बंद. फटीत टॉवेल कोंबलेला. टेबलावर थिनरची बाटली, झाकण बाजूला.

धूळ येते म्हणून तू बंद करतेस, कळतं मला. ओल्या रंगावर एक कण बसला की सगळं पुन्हा घासावं लागतं. तरीपण ऋतू, एअरब्रशनं रंग मारला की त्याचं धुकं होतं. मॉडेलवर बसतं ते बसतं, बाकीचं हवेत तरंगत राहतं, आणि ते कण इतके बारीक की थेट छातीत उतरतात. लॅकर रंगाच्या थिनरची वाफ वेगळीच. तुझ्याकडचा कापडी मास्क तिला अडवत नाही. एन-९५ सुद्धा कणांसाठी असतो, वाफेसाठी नाही. वाफेला कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो, गाड्या रंगवणारे लावतात तसला. आणि ‘एसी चालू असतो की’ असं जे तू म्हणालीस, तर स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतली तीच हवा थंड करून फिरवत राहतो. म्हणजे तू रात्री त्याच हवेत झोपतेस. इंजिनिअर आहेस, हे मी तुला सांगावं का?

बघ, सुरू झालोच. माफ कर. विमानाचंच लिहितो.

१९८३ च्या उन्हाळ्यात भाऊकाका हैदराबादहून अजिंठा एक्सप्रेसनं आले. तेव्हा आपल्याकडं मीटर गेज होती. त्यांच्या पिशवीत पत्र्यासारखा चेपलेला एक पुठ्ठ्याचा डबा होता. अबिड्सला रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथं कुणा साहेबाच्या रद्दीतून आलेला. एअरफिक्स कंपनीचं, नॅट या लढाऊ विमानाचं मॉडेल, १:७२. लाल प्लॅस्टिक, कारण ते इंग्रजांच्या रेड ॲरोज पथकाचं होतं. १९७९ पर्यंत ते पथक कसरतींना नॅटच वापरायचं. आत चौकटीला चिकटलेले बारीक बारीक भाग. मला वाटलं तुटलंय म्हणून असे तुकडे. शकूआत्यानं कागद उलगडला, आकड्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘तुटलं नाही, आपल्याला करायला ठेवलंय.’

सेलूचं आपलं घर पाडून झाल्यावरच तू तिथं आलीस, त्यामुळं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, तुला नीट माहीत नाही. अण्णांनी आम्हाला सगळं सामान घेऊन माळवदावर धाडलं. गोंदाची नळी उघडल्यावर वास आला तसं म्हणाले, ‘हा वास घरात नको, डोक्यात जातो.’ सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही वर असायचो. तो गोंद नुसता चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो, हे मला तिथं कळलं. शकू दाढीच्या ब्लेडनं भाग कापायची, मी टोकं फरशीच्या तुकड्यावर घासायचो. मी हात चालवायला लागलो की खालून अण्णांचा आवाज यायचा, ‘कशाला घाई करायलास?’ त्यांना न बघता कसं कळायचं कोण जाणे.

पुढचं चाक डब्यात नव्हतंच. शकू रडवेली झाली. आजीनं फळीवरचा डबा काढला, ताटात अख्खा मसूर पसरला आणि एकेक दाणा बोटानं फिरवून बघत बसली. दोन्हीकडून सारखा फुगीर, कड गोल, कुठं चेपलेला नाही असा एक दाणा तिनं काढून दिला. काजळीत तेल घालून तो काळा केला. नुसतं बघून कुणाला ओळखता आलं नसतं.

पण खरी गंमत अण्णांची. ते जमिनीचे मोजणीदार, त्यांना प्रमाण सांगायला लागत नाही. त्यांनी डब्यावरचं १:७२ वाचलं आणि म्हणाले, ‘म्हणजे एक इंच म्हणजे सहा फूट. एक इंच म्हणजे एक उभा माणूस.’ मग आपली पितळी पट्टी घेऊन पंख मोजले. चार इंच. चोवीस फूट. त्या संध्याकाळी ते आम्हाला खळ्यावर घेऊन गेले. आमच्याकडची साखळी ३३ फुटांची, तेवढ्या लांबी-रुंदीचा एक गुंठा. त्यांनी साखळी जमिनीवर ताणली, कागदावरचं एकेक माप सहानं गुणत फक्कीनं अख्खं विमान खळ्यावर आखलं. साखळी पुरून वर थोडी उरली! खरं लढाऊ विमान, आणि एका गुंठ्यात मावतं. गावातली माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, आमच्या बैलगाडीला बैल जुंपले की जवळपास एवढीच जागा लागते. अण्णा वैमानिकाच्या जागेवर उभे राहिले आणि आम्हाला त्यांनी पंखांच्या टोकांवर उभं केलं. शकू एकीकडं, मी दुसरीकडं. मला भूमितीची भीती कधी वाटली नाही ती त्या संध्याकाळमुळं. तुलाही मी असंच अंगणात शिकवायचो, आठवतं का?

भाऊकाकांनी आम्हाला सेखोंची गोष्ट सांगितली होती. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, वरून पाकिस्तानची सेबर जेट आलेली असताना निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन उडाले, एकटे लढले आणि परत आले नाहीत. हवाई दलातलं परमवीर चक्र आजवर त्यांचं एकट्याचं. (त्याच दिवशी तुझ्या मिग-२१ नी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला होता. तुला माहीत असेलच.) ते ऐकल्यावर शकूला इंग्रजांचं लाल विमान नको झालं. ‘आपलं करायचं’ म्हणून हटून बसली. मी म्हणालो, आपल्या नॅटमध्ये एकच माणूस बसतो, याला दोन सीट आहेत. ती म्हणाली, मागं आज कुणी बसलं नाही असं समज.

भाऊकाकांनी बघितलेलं नॅट चंदेरी होतं. चंदेरी रंग आणायचा कुठून? गोठ्याच्या कोनाड्यात मागल्या पोळ्याचं सामान होतं, बैलांच्या शिंगांना लावायची बेगड आणि ऑइल पेंटचे उरलेले डबे. शकूनं बेगडीचे लहान लहान तुकडे कापले, कणकेच्या खळीनं चिकटवले आणि बोंडातून काढलेल्या कापसाच्या बोळ्यानं हळूहळू घासत बसली. घासता घासता खालच्या प्लॅस्टिकवरच्या रेषा वर आल्या. पत्र्याचे जोड, झाकणं, सगळं उमटलं. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. मग तिरंगी वर्तुळ. पेन्सिलीचं बूड शिंगाच्या हिरव्या रंगात बुडवून ठसा, तो वाळल्यावर त्यावर बोरूच्या मागच्या टोकानं पांढरा, आणि मधोमध खराट्याच्या काडीनं शेंदरी ठिपका. इतकी नीट वर्तुळं मला आजही जमणार नाहीत. विमान तिचंच होतं, लग्नात ती घेऊन गेली.

शकूआत्याचं इथं काढायचं नव्हतं. पण हात थांबत नाही. मानवतचं तिचं घर जिनिंगच्या बाजूला, हिवाळाभर हवेत कापसाची तूस. धाप लागायची, पण दम्याच्या पंपाची सवय लागते, लोक काय म्हणतील, म्हणून तिचा पंप कपाटात. पंपाची सवय लागत नाही, ऋतू. रोजचा पंप आतली सूज कमी ठेवतो म्हणून तो बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो. हे आम्हाला नीट कळलं तोवर तिचं जे व्हायचं ते झालं होतं. ती असती तर तुझा मिग तिनं मांडीवर घेऊन बघितला असता. नंतर तुझी छाती घरघरायला लागली तेव्हा मी इन्व्हर्टर घेतला, लोडशेडिंगमध्ये नेब्युलायझर बंद पडू नये म्हणून. लोकांना वाटायचं गुरुजींनी टीव्हीसाठी घेतला. सातवीनंतर तुझं सगळं थांबलं. मला मात्र अजून फोनवर तुझ्या बोलण्याच्या आधी तुझा श्वास ऐकू येतो. त्याला काय करू?

तुला आजारी समजत नाही मी. एकटीनं बेंगळुरूला जाऊन राहिलीस, विमानाचे भाग तपासायची नोकरी करतेस. आपली नॅटही तिथंच एचएएलच्या विमान कारखान्यात बनायची. अण्णा असते तर त्यांनी आख्ख्या सेलूला सांगितलं असतं. बनी तो बनी, नहीं तो परभणी असं म्हणतात, पण तुझी तिकडं बनलीय, ती बनू दे.

आता एक सुचवतो, पटलं तर बघ. तुझा मिग-२१ एफएल प्रकारचा, तो उघड्या धातूचाच करायचा म्हणतेस. मग लॅकर कशाला? फॉइल लाव. मागं चिकट असलेली पातळ फॉइल मॉडेलवाल्यांसाठी मिळते, नाहीतर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची आणि वेगळा गोंद. एका वेळी एकच पॅनेल कापायचं. स्वयंपाकघरातल्या फॉइलची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. पॅनेलपरत्वे बाजू बदलली, रेघांची दिशा फिरवली की खऱ्या विमानाचे पत्रे जसे एकमेकांपेक्षा वेगळे दिसतात तसं दिसतं. कुठलाही रंग इतकं खरं दाखवत नाही, हे माझं ठाम मत आहे. वेळ लागेल, बोटं दुखतील. नाकाचा हिरवा कोन ब्रशनं होईल. हात तुझा शकूआत्याचा आहे, तुला जमणार.

आणि लॅकरच मारायचं असेल तर मार. मॉडेल तुझं आहे. फक्त खिडकीत पंखा उलटा लाव, हवा बाहेर फेकणारा, आणि मॉडेल सुकेपर्यंत वर खोका पालथा घाल, म्हणजे धूळही बसत नाही आणि खिडकीही उघडी राहते. रंग मारून झाला की लगेच त्या खोलीत झोपू नकोस. बाटलीचं झाकण लावत जा. घासताना पाणी लावून घास, भुकटी उडत नाही.

मास्क मी मागवलाय, कार्बनच्या डब्यांचा. तुझ्या पत्त्यावर येईल, रागावू नकोस. त्या डब्या एकदा उघडल्या की नुसत्या पडून सुद्धा हवेतली वाफ ओढत राहतात आणि संपतात, म्हणून काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. आणि खोकला आठवडाभरात गेला नाही तर डॉक्टरांना दाखव, आम्हाला सांगायचं का नाही ते तू ठरव. नाही, सांगच.

संक्रांतीला येतेयस ना? नांदेड गाडीचं तिकीट आत्ताच काढ, सणाला मिळत नाही. मिग आणायचा असेल तर बॅगेत घालू नकोस, खोक्यात कापूस भरून मांडीवर घेऊन ये. कापसाची काळजी नको म्हणा, परतीला इथून भरून देऊ. आई तिळाच्या वड्या तू आल्यावरच करणार आहे.

तुझे,
बाबा

ता. क. विमानावर ‘सी’नं सुरू होणारा कुठला नंबर घालणार आहेस ते कळव. ढाक्याला गेलेल्यांपैकी एखादा मिळतो का बघ, मीही इकडं शोधतोय.