बीपी-शुगर मोजता, मग एकटेपणा पण मोजा की

संपादक साहेब, नमस्कार,

ज्येष्ठांच्या आरोग्य शिबिराच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात, छानच आहे, पण तिथं बीपी शुगर डोळे सगळं तपासतात आणि म्हातारं माणूस दिवसभरात कोणाशी दोन शब्द बोलतं का हे कोणी विचारत नाही. आमच्या तालुक्यात एका शिबिरात फॉर्मवर होतं, घरात किती जण राहतात. आजीच्या आधी पोरगाच बोलला, आठ. झाली टिक! आता आठ माणसांच्या घरात ती आजी दुपारभर ओट्यावर एकटीच शेंगा फोडत बसते, ते त्या फॉर्ममध्ये कुठं लिहायचं?

हे मोजायच्या पद्धती आहेत बरं का. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात १९७८ ला २० प्रश्नांची एकटेपणाची स्केल बनली, २००४ ला तिची ३ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. सोबतीला कोणी नाही असं वाटतं का, आपल्याला बाजूला टाकलंय असं वाटतं का, सगळ्यांपासून तुटल्यासारखं वाटतं का. प्रत्येकाला १ ते ३ मार्क, बेरीज ३ ते ९, जितके जास्त तितका एकटेपणा जास्त. दुसरी लुबेन स्केल, ६ प्रश्न, ३० पैकी १२ च्या खाली आलं तर माणूस एकटं पडायचा धोका. त्यात नातेवाईक वेगळे, मित्र वेगळे विचारतात, आणि महिन्यात किती जण भेटले-बोलले एवढ्यावर न थांबता मनातलं सांगता येईल असे किती, अडीनडीला धावतील असे किती हे पण विचारतात. मला हेच पटलं. पुण्याचा मुलगा रविवारी व्हिडिओ कॉल करतो, नातू हाय आजोबा म्हणून पळून जातो, बोलणं झाल्याचा मार्क मिळतो पण मनातलं सांगायच्या प्रश्नाला भोपळाच.

फक्त प्रश्न अहिराणीत विचारा, आणि मुलगा-सून जवळ नसताना. सरळ "एकटं वाटस का" विचारलं तर आमची माणसं "नही भो, समदं बरं शे" असंच म्हणणार, घरच्यांची बदनामी कोण करेल? त्या ३ प्रश्नांत असं सरळ विचारतच नाहीत, ती खुबी आहे. आशाताईंवर आणखी एक फॉर्म फुकटात लादू नका, त्याचे पैसे द्या. आणि ज्याचे मार्क वाईट आले त्याच्याकडे पुढच्या महिन्यात परत कोण जाणार, हे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं शिबिराच्या आधीच ठरवावं.

आपला,
एक रिटायर वाचक, चोपडा (जि. जळगाव)