त्या आठ पायांच्या चिपसाठी आभार

जुन्या डेस्कटॉपचं बायोस (मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमधला, कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट करायला घेतलं आणि नेमकी मध्येच वीज गेली. नंतर पंखे फिरायचे, पण स्क्रीन काळीच. सीएमओएसचा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज जपणारा सेल काढून पाहिला, सेटिंग्ज पुसणारा जंपर (दोन पिना जोडणारं छोटं टोपण) लावून पाहिला. उपयोग शून्य. होणारही नव्हता म्हणा; त्याने फक्त सेटिंग्ज पुसल्या जातात, अर्धवट लिहिलेला प्रोग्राम दुरुस्त होत नाही. हे मला नंतर बोर्ड बघणाऱ्या ताईंनी सांगितलं.

ओळखीच्या ओळखीतून त्यांचा नंबर मिळाला होता. बोर्ड बघून म्हणाल्या, "नशीब, चिप सॉकेटमध्ये आहे." चिपवरच्या ठिपक्याची दिशा आधी मोबाइलवर टिपली, मग चिप अलगद उपटून प्रोग्रामरवर, म्हणजे चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणावर, बसवली. मला वाटलं, आता लगेच नवीन फाइल चढवतील. पण त्यांनी आधी बिघडलेला मजकूरच दोनदा वाचून घेतला आणि दोन्ही प्रती जुळतात का ते ताडून पाहिलं. कारण माझ्या बोर्डाचा सिरियल नंबर आणि नेटवर्कवर त्याची ओळख पटवणारा मॅक अ‍ॅड्रेस त्यातच होता. तो शोधून नव्या फाइलमध्ये घातला. मला तर कधी कळलंही नसतं!

निघताना त्यांनी दोन्ही फाइल्स पेन ड्राइव्हवर दिल्या, एका चिठ्ठीवर चिपचा नंबर लिहिला, खाली चिपला द्यायच्या व्होल्टेजबद्दल '३.३ व्होल्टच, ५ नाही' असं दोनदा अधोरेखित केलं. पैसे घेतले नाहीत.

ताई, मनापासून आभार. चिठ्ठी कॅबिनेटच्या आत चिकटवली आहे.