लाकडी होडी बांधणारा कारागीर शोधायचा कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्ली खाडीत आमच्या घरची वल्ह्यांची होडी माझ्या वडिलांनी 1978 साली बांधून घेतली होती. गेल्या पावसाळ्यात ती कामातून गेली. पठाण, म्हणजे होडीच्या तळाचा लांब कणा, आतून इतके भुसभुशीत झाले होते की बोट दाबले तरी रुतायचे. तशीच दुसरी बांधून घ्यायची असे ठरवून मी आठ महिने कारागीर शोधतो आहे. मालवणात विचारले, आचऱ्याला गेलो, मग देवगड, विजयदुर्ग आणि शेवटी जैतापूर. सगळीकडे आधी एकच सल्ला मिळाला: फायबरची घ्या.

फायबरच्या होडीला मी नावे ठेवत नाही. ती हलकी असते, दरवर्षी तेलपाणी करावे लागत नाही. ज्याचे पोट मासेमारीवर आहे त्याने ती घेतली तर त्यात चूक काय? पण इंजिन न लावता नुसती वल्ह्यांवर चालवायची असेल तर लाकडाची गोष्ट वेगळी आहे. जड होडी वल्हे उचलल्यावरही आपल्या वजनाने पुढे सरकत राहते. हलकी होडी लगेच थांबते आणि दुपारचा वारा सुटला की तिचे तोंड फिरते. साठीच्या माणसाच्या खांद्यांना हा फरक पहिल्याच फेरीत कळतो.

अखेर एक कारागीर भेटले. वय सत्तरीच्या पुढे. कागदावर नकाशा नाही, सगळे माप नजरेत. आतल्या बाजूला लागणारी वाकडी लाकडे सरळ फळीतून कापायची नाहीत, झाडाच्या फांदीला मुळातच जिथे बाक आलेला असतो तिथूनच घ्यायची, कारण लाकडातली रेषा तुटली की लाकूड तिथेच मोडते, हे त्यांनी मला अंगणातल्या फणसाकडे बोट दाखवून समजावले. फळी ओली करून आगीवर शेकायची आणि गरम असतानाच नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, वळवून बसवायची. त्या घडीला तिचे दुसरे टोक धरणारा जाणता हात लागतो. तिथेच आमचे बोलणे अडले. ते म्हणाले, "बांधतलंय मी, पण फळी धरूक माणूस खंय हा?" त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीत आहे, आणि हाताखाली शिकायला गेल्या पंधरा वर्षांत कोणी आलेले नाही.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत जे 18 पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत होडी बांधणारे स्पष्टपणे धरलेले आहेत. हत्यारांसाठी 15 हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, शिवाय सवलतीच्या व्याजाने कर्ज. योजना चांगलीच आहे. पण ती आधीपासून धंद्यात असलेल्या कारागिरासाठी आहे आणि तिचे मूलभूत प्रशिक्षण पाच-सात दिवसांचे. वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, हातात धरायला शिकण्यातच तेवढे दिवस जातात! होडी शिकायची तर एक अख्खी होडी, पठाण घालण्यापासून पाण्यात लोटेपर्यंत, जुन्या माणसाच्या शेजारी उभे राहून बांधावी लागते. विद्यावेतन द्यायचे ते अशा शिकाऊ मुलाला, त्या काही महिन्यांसाठी द्या. आणि नोंदणी झालेल्या होडी कारागिरांची, त्यांच्या संमतीने, तालुकावार यादी लावा. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयातल्या फलकावर लावली तरी पुरे. मला आठ महिने हिंडावे लागले नसते.

अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून, खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' जहाज 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झाले, तेव्हा मला फार आनंद झाला. ते बांधले गेले आपल्या शेजारी गोव्यात. शिवणारे कारागीर मात्र मुख्य कारागीर बाबू शंकरन यांच्याबरोबर केरळहून आले. तिथे ती विद्या हातात राहिली, म्हणून बोलावता तरी आली. आमच्याकडे वाघोटन खाडीत मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे, पर्यटकांना ती कौतुकाने दाखवतो, आणि त्याच खाडीच्या काठी मला दोन माणसांची होडी बांधणारा मिळाला नाही. याचे मला खरोखर दुःख आहे.

गिऱ्हाईक नाही, असे कोणी म्हणेल. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नसला की पक्षी जागेवरून हलत नाहीत. अशा सफरी वाढल्या तर होड्या लागतीलच.

लाकडाची अडचण मी सोडवली आहे. आमच्याच आवारातला जुना आंबा रीतसर परवानगी घेऊन तोडला, फळ्या कापून झावळ्यांच्या मांडवात सावलीत रचल्या आहेत. कारागिरांनी गणपतीनंतर हात घालायचे कबूल केले आहे. सुतारकामाची थोडीफार सवय असलेला, तीन-चार महिने येऊन राहू शकेल असा एखादा तरुण आपल्या वाचकांपैकी कोणाच्या माहितीत असेल, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. रोजची मजुरी आणि दोन वेळचे जेवण आमच्याकडे.

आपला,
एक वाचक
देवबाग, ता. मालवण